पिवळ्यावर काळे चाडे

१४ जून २०२३, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. डावा हात : चौतीस किलो. उजवा हात : दोन किलो.

पकड मोजण्याचे यंत्र सायकलच्या ब्रेकसारखे दिसते. रुग्णाने ते मुठीत धरून दाबायचे आणि तबकडीवरचा काटा जिथे थांबेल तो आकडा आपण लिहायचा. तीनदा दाबायला लावतात आणि सर्वांत मोठा आकडा ग्राह्य धरतात. जालन्यातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात त्या सकाळी बसलेल्या माणसाने तिन्ही वेळा कपाळावरची शीर फुगेपर्यंत जोर लावला आणि काटा तिन्ही वेळा दोनच्या पुढे गेला नाही.

"दोन किलोत कोंबडीची मान बी मोडायची न्हाई," बंकट सर म्हणाले. "लिही. अन् खाली लिही, म्हातारा अजून मेला न्हाई."

मी फक्त आकडा लिहिला.

बंकट सर कुंभार पिंपळगावच्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवीत. निवृत्त झाल्यावर तीर्थपुरीत रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक खोली घेऊन ते पुस्तकांची कव्हरे करू लागले. मराठवाड्यातल्या लहान प्रकाशकांमध्ये त्यांचे नाव होते आणि त्यांच्या तोंडाचा धाकही होता. कव्हर 'काढणे' हा शब्दप्रयोग त्यांना मान्य नव्हता. ते कव्हर कापत. लिनोलियमचा जाड तुकडा लाकडी फळीवर चिकटवायचा, खोबणीच्या छोट्या पटाशीने नको तेवढा भाग कोरून फेकायचा, उरलेल्या भागाला शाई लावून कागदावर दाबायचा, अशी त्यांची पद्धत. संगणकावर हेच दहा मिनिटांत होते, असे एका प्रकाशकाने त्यांना सुचवले होते. सर त्याला म्हणाले, "संगणकात बोट कापत न्हाई. ज्या कव्हरला बोट कापायची भीती न्हाई, त्याला वाचणारानं का भ्यावं?"

ते सज्जन गृहस्थ होते असे मी लिहिणार नाही. वर्गात त्यांनी फेकलेल्या डस्टरने माझ्या बाकावरच्या एका मुलाचे कपाळ फुटले होते. मुलाचे वडील भांडायला आले, तेव्हा सरांनी त्यांनाही दंडाला धरून वर्गाबाहेर काढले आणि मग त्याच मुलाला स्वतःच्या मोटारसायकलवरून टाके घालायला नेले. त्या काळी असे चालत असे. हे समर्थन नव्हे, नोंद आहे. त्यांच्या अंगात सतत काहीतरी आदळत असे आणि ते बाहेर पडायला वाट शोधत असे. कागद, लिनो, मुले, प्रकाशक यांपैकी जे समोर येईल त्यावर ते पडे.

रविवारी सकाळी मात्र शाळेच्या व्हरांड्यात ते एक वेगळाच वर्ग घेत. त्याला फी नव्हती, हजेरी नव्हती आणि मुख्याध्यापकांची परवानगीही नव्हती. ते फळ्यावर एक ओळ लिहीत. त्या ओळीला ते 'चिमटा' म्हणत. चिमटा बसला की ओरडायचे, म्हणजे लिहायचे. मला आठवणारे काही चिमटे असे : तुम्ही कोंबडा आहात, उद्या घरात पाहुणे आहेत, घरच्या बाईच्या मसाल्याचे कौतुक करणारे भाषण लिहा. फुटलेल्या काचेची तक्रार सगळेच लिहितात, फेकलेल्या दगडाची तक्रार लिहा. शाळेच्या घंटेने शिपायावर मारहाणीचा खटला भरला आहे, शिपायाच्या बाजूने बोला. गोष्टीत खून आहे, पण रक्त, प्रेत आणि रडणे हे तिन्ही शब्द आले तर लिहिणाऱ्याला व्हरांड्याला तीन फेऱ्या.

आम्ही हसत हसत लिहीत असू. मग वह्यांची अदलाबदल होई आणि खरा खेळ सुरू होई. शेजाऱ्याच्या गोष्टीला कव्हर काढायचे, पण गोष्टीत जे आले आहे त्यातले काहीही कव्हरवर दाखवायचे नाही. कोंबड्याच्या भाषणाला मी सुरी काढली होती. सरांनी तो कागद माझ्यासमोर चार ठिकाणी फाडला.

"सुरी काढली की वाचणारा म्हणतो, हां, सुरी. अन् झोपी जातो. त्या घरात दुसऱ्या दिवशी काय असंल ते काढ."

मी बराच विचार करून एक रिकामी डालगी काढली, जिच्याखाली रात्री कोंबड्या झाकतात ती. सर कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आता मेला कोंबडा." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

पुढे मी विज्ञान शाखेला गेले, प्रयोगशाळेत बेडूक फाडले, हाडांची नावे पाठ केली. परंतु अपघातातला रुग्ण तपासताना जखमेच्या आधी जखमेशेजारचे धड राहिलेले काय ते पाहण्याची सवय मला त्या व्हरांड्याने लावली.

लाल रंगाचा त्यांना तिटकारा होता. "लाल म्हंजे आळशी माणसाचं रक्त," असे ते म्हणत. खून, दंगल, बलात्कार अशा विषयांच्या पुस्तकांना ते पिवळा रंग देत, हळदीचा, थोडा मळका. "हळद नवरदेवालाबी लावतेत अन् जखमेलाबी. पाहणाराला कळू देऊ नये, लग्नाला आलो का मढ्याला."

जालन्याच्या एका वकिलाने लिहिलेल्या रहस्यकथेचे कव्हर मला अजून डोळ्यांसमोर दिसते. त्या कथेत नवरा बायकोचा गळा दाबतो. वकिलाला कव्हरवर दोन हात आणि एक मान हवी होती. सरांनी लिनोवर अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी कापली. तिच्यावर ओळीने चिमटे होते आणि कपडा एकही नव्हता. वकील म्हणाला, "सर, यात खुनी कुठाय?"

"घरात बसलाय," सर म्हणाले. "कपडे धुवायला कोणी न्हाई म्हणून."

वकिलाला ते पटले नाही. तेव्हा सरांनी त्याला आपल्या नेहमीच्या परीक्षेला नेले. ही परीक्षा त्यांच्या कामाचाच भाग होती आणि तिच्यावाचून त्यांचे एकही कव्हर छापायला गेले नाही. तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात शमीम आपा बांगड्यांचे दुकान मांडते. तिच्या शेजारी सर गोणपाट अंथरत, कव्हराचा कच्चा छाप एका जुन्या पुस्तकाला गुंडाळून त्यावर ठेवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, "या घरात काय झालं?" पुस्तकात काय आहे हे ते कधी विचारत नसत. माणसाने जर सगळी गोष्टच सांगून टाकली तर कव्हर नापास, कारण मग पुस्तक कोण उघडणार? त्याने खांदे उडवले तरी नापास.

"अन् पास कधी?" वकिलाने विचारले.

"बोलता बोलता माणूस गप झाला की."

शमीम आपाने त्या दिवशी दोरीकडे पाहिले, एका बाईच्या मनगटात बांगडी चढवता चढवता म्हणाली, "या घरात बाई न्हाई राह्यली," आणि मग खाली मान घालून बराच वेळ काही बोलली नाही. कव्हर पास झाले. वकिलाने तेच छापले.

शीलाताई त्यांच्याकडे आली ती याच ख्यातीमुळे. ती आष्टीला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे आणि कविता लिहिते. तिच्या बौद्ध कुटुंबाने गावाबाहेरचे गायरान पुष्कळ वर्षे कसले होते. ती जमीन आपल्या गुरांची आहे असे गावातल्या काही घरांचे म्हणणे होते. एका वर्षी पेरणीच्या दिवशी तिचे वडील लिंबाजी तिफण हाकत होते आणि शीलाताई मागून चाड्यात बी सोडत होती. चाडे म्हणजे तिफणीवरचे लाकडी वाडगे. त्यात मुठीने बी सोडले की ते नळ्यांतून जमिनीतल्या तासात, म्हणजे सरीत, उतरते. त्या दिवशी सहा-सात माणसे आली. त्यांनी तिफण मोडली आणि तिच्याच दांड्याने लिंबाजींना मारले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला. खटला झाला, साक्षीदार फिरले, आरोपी सुटले. शीलाताईची साक्ष तेवढी उरली होती. तिने ती कवितांत लिहिली.

प्रकाशकाने कव्हरसाठी रक्ताने माखलेल्या कुऱ्हाडीचे चित्र पाठवले होते. वास्तविक त्या प्रकरणात कुऱ्हाड नव्हतीच. सरांनी ते चित्र पाहून प्रकाशकाला फोनवर ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. मग ते शीलाताईकडे वळले. हा प्रसंग तिने मला सांगितला आहे.

"शीलाबाई, तुला एक चिमटा देतो. दुखंल. चालंल का?"

"दुखून दुखून किती दुखंल, सर."

"त्या दिवशी सगळं मोडलं. ज्या वस्तूला काहीच झालं न्हाई, अशी एक वस्तू सांग."

तिने कवितांची वही मिटली. मग म्हणाली, "चाडं. फेकून देल्तं त्यांनी. पालथं पडलं. साधी चीर बी गेली न्हाई त्याला. मी रोज बघते त्याच्याकडं अन् मला त्याचाच राग येतो."

तिच्या एकाही कवितेत चाडे नव्हते. सरांनी लगेच लिनो कापायला घेतला. मळक्या पिवळ्यावर पालथे पडलेले एक काळे चाडे आणि त्याच्या कडेखालून बाहेर आलेले दोन-तीन दाणे, एवढेच.

अर्धे काम झाल्यावर त्यांनी कच्चा छाप घेतला आणि बाजाराची तयारी केली. शीलाताईने त्यांना अडवले. "सर, हा बाजार नको. आमच्या गावची माणसं येतेत तिथं. ती बी येतेत."

"येऊ दे की. मंग कुणाला विचारू? पुण्याच्या लोकांना? त्यांना चाडं म्हंजे फुलदाणी वाटंल."

गोणपाट नेहमीच्या जागी पसरले गेले. शमीम आपा म्हणाली, "पेरता पेरता कोणीतरी उठून गेलं." एका म्हातारीला ते मढ्यावर टोपली झाकल्यासारखे वाटले. एक जण म्हणाला, तूर महाग झाली. सर प्रत्येकाशी वाद घालत होते आणि खुशीत होते. मग पांढऱ्या शर्टातला एक तरुण थांबला.

"या घरात काय झालं, सांग बरं," सरांनी विचारले.

त्याने चाडे पाहिले. सरांकडे पाहिले. थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या शीलाताईकडे पाहिले. तो एक अक्षरही बोलला नाही आणि गर्दीत निघून गेला.

"पास," सर म्हणाले. त्यांनी गोणपाट गुंडाळले आणि शीलाताईला भजी खाऊ घातली. वर्षानुवर्षे माणसांच्या गप्प होण्याचा अर्थ लावणाऱ्या या माणसाने ते गप्प होणे आपल्या कव्हराच्या खात्यात जमा केले. शीलाताईने भजी तशीच ठेवली. तो तरुण सुटलेल्या आरोपींपैकी कोणाचा कोण, हे तिला ठाऊक होते.

दोन दिवसांनी भर दुपारी सरांच्या खोलीसमोर जीप थांबली. तिघे आत आले. एकाच्या हातात ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची लोखंडी पिन होती, हातभर लांब. सर फळीवर वाकून लिनो कापत होते. पुढचे मी त्यांच्याच शब्दांत लिहू शकते, कारण उपचारांच्या त्या महिन्यांत त्यांनी ते मला कितीतरी वेळा सांगितले आणि दर वेळी एकही शब्द बदलला नाही.

"त्यानं इचारलं, कोणत्या हातानं कापतो रे? मी म्हणलं, उजव्या. दुसऱ्यानं माझं मनगट फळीवर दाबून धरलं. पहिला घाव फळीवर बसला. मी म्हणलं, बराबर मार, लाकूड खराब होतंय. मंग बराबर बसला."

"सर, डावा म्हणायचं होतं," मी एकदा म्हणाले. "त्यांना कुठे माहीत होतं?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच पिन उचलली होती. "हत्याराबद्दल मी खोटं बोलत न्हाई."

तळहाताची चार हाडे मोडली होती, अंगठ्याच्या मुळाशी चुरा झाला होता. शस्त्रक्रिया झाली, तारा घातल्या, प्लास्टर निघाले आणि ते माझ्यासमोर येऊन बसले. तिघांना अटक झाली होती आणि जामीनही झाला होता. सरकारी वकिलांनी मला कळवले की, हात कायमचा किती निकामी झाला हे ठरवताना माझ्या नोंदी मागवल्या जातील. त्याच वर्षी हाताच्या दुखापतींवरील एका परिषदेत निबंध वाचण्याची माझी तयारी चालली होती. हातावर पोट असलेला, वयस्क, सूक्ष्म कामात तरबेज असा रुग्ण मला हवाच होता. हे मी सरांना पहिल्या दिवशीच सांगितले.

"म्हंजे मी तुझं कव्हर," ते म्हणाले. "पिवळं कर म्हंजे झालं."

रुग्ण म्हणून ते भयंकर होते. मऊ चेंडू दाबायला दिला की विचारायचे, "आज कोणाचा गळा?" आणि नाव ठरल्याशिवाय दाबायचे नाहीत. आखडलेली बोटे वाकवताना होणाऱ्या वेदना सुसह्य असतात असे पाठ्यपुस्तक म्हणते. सर त्या वेळी डाव्या हाताने माझ्या टेबलाची कड अशी धरत की तिचा सनमायका उखडला. एकदा त्यांनी चेंडू भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्यावर फेकला. तक्ता सापळ्यासकट खाली आला आणि बाहेर बसलेली एक गुडघेदुखीची आजी न सांगता निघून गेली. मला एक गोष्ट मात्र अभ्यासण्यासारखी वाटली. संतापात त्यांची पकड स्पष्टपणे वाढत असे. मी दोन रकाने केले, एक शांत स्थितीचा आणि एक संतप्त स्थितीचा. पहिला रकाना बहुधा रिकामा राही.

ऑगस्टमध्ये दगडूमामा दवाखान्यात आले. ते माझ्या आईचे चुलतभाऊ. जीपमधल्या तिघांपैकी एक त्यांच्या मेहुण्याचा मुलगा, हे मला त्यांनीच सांगितले. त्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, आईची तब्येत विचारली, पावसावर बोलले आणि मग म्हणाले, "म्हाताऱ्याचा आकडा किती आला, बाई?"

"सहा."

"पंचवीस लिही की. बरा झाला म्हण. पोरगं नादान हाय, लगीन ठरलंय त्याचं."

मी यंत्र त्यांच्या हातात दिले. "दाबा, मामा."

त्यांनी गमतीने दाबले. शेतात राबलेला हात होता, काटा बेचाळीसवर गेला.

"आता तुमचा हात फळीवर ठेवू," मी म्हणाले, "आणि मग पुन्हा मोजू. जो येईल तो आकडा लिहू."

मामांनी यंत्र हळूच खाली ठेवले. "लई शिकलीस," ते म्हणाले. "पण गावचा रस्ता एकच हाय, जायला अन् यायला." पेढे त्यांनी परत नेले नाहीत. मी ते केराच्या डब्यात टाकले. सरांना हे कळल्यावर त्यांना धमकीपेक्षा पेढ्यांचेच वाईट वाटले.

इकडे शीलाताईचे पुस्तक अडून पडले होते. अक्षरजुळणी झाली होती, कव्हर नव्हते. प्रकाशक कुऱ्हाडीवर परत आला होता. तेव्हा शीलाताईने सरांच्या खोलीतून तो अर्धवट कापलेला ठोकळा माझ्या दवाखान्यात आणला. हुकलेला पहिला घाव त्याच्यावरच बसला होता. चाड्याच्या मधोमध एक खोल, वाकडी चीर गेली होती. मी शाई लावून पिवळ्या कागदावर त्याचा छाप घेतला. काळ्या चाड्यातून विजेसारखी पिवळी रेघ निघाली. मला ते अलौकिक वाटले. मी तसे म्हणालेही : ज्यांनी मारले त्यांनीच कव्हर पुरे केले, याहून मोठे प्रतीक कोणते? प्रकाशकाला फोटो पाठवला, तोही हरखला. 

उपचारासाठी आलेल्या सरांनी तो छाप हातात घेतला. मग डाव्या हाताने ठोकळा उचलला आणि दवाखान्याच्या दगडी पायरीवर आपटला. पुन्हा आपटला. लिनो फळीपासून सुटेपर्यंत ते आपटत राहिले.

"माझ्या कव्हरवर त्यांची सही घेऊ? तिच्या बापाच्या पुस्तकावर?" ते धापा टाकत म्हणाले. "तिनं काय सांगितलं मला? चाड्याला चीर गेली न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई. तुम्हाला लई आवडली ना ती रेघ? तुमच्या अंगावर काढून घ्या."

मी शीलाताईकडे पाहिले. तिचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, "मला बी ती रेघ नको होती. पण सर, तुमच्या हातानं होणार का? न्हाई झालं तर मी बिनकव्हरचं छापते. कुऱ्हाड न्हाई लावत."

"थांब की जरा," सर म्हणाले. एवढ्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकले नव्हते.

पटाशी धरून लिनो कापायला माझ्या हिशोबाने किमान पंधरा किलो पकड हवी होती. सरांनी आकडा आठवर असतानाच नवा ठोकळा कापायला घेतला. मी लेखी मनाई केली. त्यांनी त्या कागदाच्या मागे चाड्याचे रेखाटन केले. पटाशीची मूठ त्यांनी जुन्या सायकल ट्यूबने जाड करून घेतली. उजव्या हाताने फक्त दिशा द्यायची आणि डाव्या तळव्याने मागून रेटायचे. हे तंत्र चुकीचे होते आणि चुकीच्या तंत्राचे जे होते तेच झाले. तिसऱ्या दिवशी पटाशी सटकली. ती ठोकळा धरून बसलेल्या शीलाताईच्या अंगठ्याशेजारून गेली आणि मागून रेटणारा सरांचा डावा पंजा तिच्या पात्यावर घसरून कडेला उघडला. त्यांना रोखायला मी त्यांच्या खोलीवर पोहोचले तेव्हा पिवळ्या कागदांवर रक्त पडले होते आणि सर शीलाताईवर ओरडत होते, "कागद उचल आधी, लाल लागतंय."

टाके पडले. मग दोन्ही हात नादुरुस्त असलेल्या त्या माणसाने उरलेले कापकाम कसे केले याचे शास्त्रीय वर्णन माझ्याजवळ आहे, पण ते फारसे उपयोगाचे नाही. खांदा पुढे टाकून, छातीच्या भाराने ते पटाशी रेटत. एका रेघेला एक संध्याकाळ जात असे. शीलाताई शाळा सुटल्यावर आष्टीहून येई आणि ठोकळा धरून बसे. ती कधी घाबरून हात मागे घेई, तेव्हा ते म्हणत, "धर. मी मास्तर हाय, मारेकरी न्हाई." ती म्हणे, "डस्टरवाल्यांनी हे सांगू नये." तेव्हा ते हसत आणि हसताना हात हलला म्हणून पुन्हा चिडत.

ठोकळा पूर्ण झाला तेव्हा चाडे पहिल्यासारखे सुबक राहिले नव्हते. कडा ओबडधोबड होत्या, दाणे खड्यांसारखे झाले होते. त्याला चीर मात्र नव्हती. पुस्तक त्या कव्हराने छापले गेले.

त्यानंतर सर माझ्याकडे आले नाहीत. शेवटची मोजणी राहिली होती आणि सरकारी वकिलांना अहवाल हवा होता. शेवटच्या भेटीतला आकडा बारा होता. वकिलांनी सरांना स्पष्ट सांगितले होते की, आकडा जितका खाली तितका खटला भक्कम. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बाजारात ये. यंत्र घेऊन ये."

मी तीर्थपुरीला पोहोचले तेव्हा बाजार ऐन भरात होता. शमीम आपाच्या शेजारी गोणपाट पसरलेले होते आणि त्यावर पुस्तकांचा गठ्ठा होता. शीलाताई विकत होती. सर मागे पाण्याच्या ड्रमवर बसले होते. समोर, रसाच्या गाड्यापलीकडे तीच जीप उभी होती. तिला टेकून दोघे जण ऊस खात होते. तिसरा तोच पांढऱ्या शर्टातला तरुण होता आणि पुस्तकांकडे पाहत होता.

"माप," सर म्हणाले आणि उजवा हात पुढे केला.

"सर, इथे नको. दवाखान्यात शांत बसून—"

"इथंच माप. त्यांना दिसंल असं."

मी खाली वाकून त्यांच्या कानाशी बोलले. "आज जोर लावू नका. जो आकडा येईल तोच मला लिहावा लागेल. तो कोर्टात जाईल. जास्त आला तर फायदा त्यांचा आहे."

"ठाऊक हाय."

"मग?"

"कोर्ट मला हात देणार हाय का? धर इकडं."

शीलाताईने पैसे मोजायचे थांबवले. तिने सरांकडे पाहिले, मग मला म्हणाली, "मोजा मॅडम. त्यांचा हात हाय."

मी यंत्र त्यांच्या पंज्यात ठेवले. पहिला प्रयत्न बारा. दुसरा तेरा. जीपजवळ कोणीतरी काही बोलले आणि दोघे हसले. शमीम आपाने बांगड्यांची पेटी बाजूला सरकवली. ती सरांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दबाव, सर. आरामात."

सर उठून उभे राहिले. त्यांनी हात छातीसमोर सरळ धरला, पांढऱ्या शर्टाकडे तोंड केले आणि दाबायला सुरुवात केली. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. शस्त्रक्रियेचा व्रण आधी पांढरा पडला, मग जांभळा झाला. अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी कटकन वाजले. ते मलाही ऐकू आले, पण त्यांनी सोडले नाही. त्या मुलाने नजर वळवली, तरीही सोडले नाही. मी थांबा म्हणाले तेव्हाच त्यांनी बोटे उघडली, एकेक करून, डाव्या हाताने.

मी काटा वाचला आणि उभ्या उभ्याच लिहिले. उजवा हात : एकोणीस किलो.